गवती चहाचा गुण

चष्मेवाल्यांनी तोंडातली ज्येष्ठमधाची काडी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली, गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंग धरले आणि विचारले, "आता कसं दिसतंय?"

"दिसतंय चांगलं," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "पण तुम्ही मघापासून चघळताय काय? लाकूड?"

"औषध आहे. सिगरेट सुटायचं."

"मग सुटली?"

"तोंडातून सुटली, मनातून नाही. आधी दात सुटतील असं दिसतंय."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दोन घरे सोडून राहायच्या आणि डोळ्यांचा नंबर बदलल्याची शंका त्यांना सारखी यायची. पण गेले काही दिवस त्या नंबरासाठी येत नव्हत्या, हे उघड होते. झाडपाल्याने सिगरेट सुटते की नाही, हा प्रश्न साऱ्या गल्लीला पडला होता आणि त्याचे उत्तर चष्मेवाल्यांच्या तोंडात काय आहे यावरून कळायचे. समोरचा शिंपी तर रोज सकाळी शटर वर करता करताच ओरडून विचारी, "काय धुराडं, आज काय चारलं मामांनी?"

हे सगळे सुरू झाले ते लेकीपायी. तिला मुलगी झाली म्हणून चष्मेवाले आणि त्यांची बायको तिच्या गावी गेले होते. चष्मेवाल्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तोच लेकीने वाकून त्यांच्या मिशीचा वास घेतला आणि बाळ अलगद मागे ओढले.

"बाबा, नाही. नुसता धूर येतोय. महिनाभर एकही ओढू नका, मी स्वतः तिला घेऊन येईन आणि सगळ्यांच्या आधी तुमच्याच हातात देईन."

"आणि मधे एक झुरका जरी घेतलात," बायकोने आपले कलम जोडले, "तरी महिना पुन्हा पहिल्यापासून. कुणीही असो, तोंडाला धुराचा वास आला की बाळ मिळायचं नाही. नियम म्हणजे नियम."

चष्मेवाले पुढे केलेले हात तसेच घेऊन परतले. माणसाला देव कशाकशाने बांधतो पाहा! डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, तेव्हा या गृहस्थाने दवाखान्याबाहेर येऊन आधी काडी ओढली होती. पाकिटावरच्या भयंकर चित्रांकडे तर ते 'छपाई बरी आहे' म्हणून बघत. आणि आता वीतभर जीव हातांपासून नुसता मागे सरकला, तर यांची सारी ऐट उतरली.

सिगरेट सोडायची म्हटल्यावर घरातले एक दालन आपोआप उघडले. ते म्हणजे मामा. मामा हे बायकोचे थोरले भाऊ. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर ते बहिणीकडे राहायला आले आणि गच्चीवर जुन्या डब्यांतून औषधी झाडे लावून त्यांनी घरातल्या माणसांकडे मोर्चा वळवला.

"दादा, यांना झेपेल तेवढंच दे हं," बहीण म्हणाली.

"अगं, बैलाला कुठं दुखतंय ते बैल सांगत नाही, तरी बरा करायचो मी. हे तर बोलतात!"

पहिला प्रयोग ज्येष्ठमधाचा. त्याने तोंड गोड झाले, तल्लफ होती तिथेच राहिली. मग ओव्याची पुरचुंडी आली. तल्लफ आली की हुंगायची. चष्मेवाल्यांनी ती हुंगली नेमकी चष्म्याच्या दांडीत इवलासा स्क्रू बसवताना. अशी शिंक आली की स्क्रू गेला, चिमटा गेला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा दुकानावरचा विश्वासही गेला. तिसरा प्रयोग काडेचिराइताच्या कडूजार काढ्याचा. तल्लफ आल्याचे सांगितले की मामा पेलाभर काढा पाजीत. दोन दिवसांत चष्मेवाल्यांनी तल्लफ आल्याचे सांगणेच बंद केले.

"बघितलंस?" मामा बहिणीला म्हणाले. "तल्लफ गेली!"

"तल्लफ गेली नाही दादा. ती आता लपून बसते."

बायकोचे खरे होते. सिगरेट खरोखरच बंद होती, पण जेवण झाले की चष्मेवाल्यांचे पाय आपोआप दुकानाबाहेर जात. दाराच्या वर लोखंडी दांडीला एक भला मोठा लाकडी चष्मा टांगलेला होता. दुकानाची पाटी म्हणा किंवा खूण म्हणा. त्याच्याखाली उभे राहून सिगरेट ओढायची, ही त्यांची तरुणपणापासूनची बैठक. आता ते तिथे नुसतेच उभे राहात, दोन बोटे ओठांपाशी नेत आणि नसलेली राख झटकत.

मामा गच्चीवरून हे न्याहाळीत होते. एक दिवस ते खाली आले ते चेहरा उजळूनच.

"रोग तुमच्यात नाहीच. रोग जागेत आहे! कुत्रा रोज एकाच खांबापाशी का जातो? सवयीनं. त्या खांबाला दुसरा वास लावा, कुत्रा जायचं विसरतो."

"मामा, मी कुत्रा नाही हो."

"म्हणून तर चांगल्या वासाचं लावतोय. कुत्र्याला मी रॉकेल लावलं असतं."

मामांनी गच्चीवरचा सगळा गवती चहा कापला. बहिणीच्या कुकरला नळी जोडली आणि बहीण बाजारात गेल्याची संधी साधून त्याचा अर्क काढला. कुकरवरून जे बोलणे झाले ते इथे सांगत नाही. भावाबहिणीच्या प्रेमाला ते शोभणारे नव्हते. पण तेल मात्र सुरेख उतरले. मामांनी शिडीवर चढून ते लाकडी चष्म्याला चोपडले, दांडीला चोपडले, दाराच्या चौकटीला चोपडले आणि थोडेसे चष्मेवाल्यांच्या कॉलरला आणि मिशीला लावले.

आणि काय आश्चर्य, फरक पडला! त्या जागी गेले की चष्मेवाल्यांना धुराची आठवण येण्याआधी गवती चहाचा वास यायचा आणि प्यायची इच्छा व्हायची ती चहाची. ते आत येऊन चहा मागत. दिवसातून किती चहा व्हायचे याची तक्रार स्वयंपाकघरातून येई, पण आनंदाने. मामा गल्लीतून छाती काढून चालू लागले. शिंप्याने आपल्या मेहुण्यासाठी एक बाटली सांगून ठेवली. बाईंनी मात्र शंका काढलीच, "गुण तेलाचा की नातीचा? हे कसं ठरवायचं?"

"बाई, रोगी बरा झाल्याशी कारण," मामा म्हणाले. पण प्रश्न त्यांनाही टोचला असावा, कारण त्या दिवशी त्यांनी चष्म्याला तेलाचा आणखी एक हात दिला.

इथवर झाला पूर्वरंग. आता महिना भरला त्या दिवसाची गोष्ट.

लेक बाळाला घेऊन निघाली होती, दुपारपर्यंत पोहोचायची होती. चष्मेवाल्यांनी सकाळीच दाढी केली, नवा सदरा घातला आणि हात इतके वेळा धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या. एवढ्यात बाई नंबर तपासायला आल्याच. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल चौकट बसवली, एका डोळ्यावर काळी चकती घातली आणि भिंतीवरची अक्षरे वाचायला सांगितली.

"वाचते, पण आधी वरचा मिक्सर बंद करायला सांगा. लक्ष लागत नाही."

"अगं, मिक्सर चाललाय का?" चष्मेवाल्यांनी जिन्याकडे तोंड करून विचारले.

"नाही हो! मला वाटलं, तुमचं भिंगं घासायचं यंत्र चाललंय."

दोन्ही यंत्रे बंद होती. आवाज मात्र वाढतच होता. तंबोऱ्याचा खर्ज कुणी अखंड छेडत ठेवावा तसा तो घुमत होता. चष्मेवाले दारात गेले, त्यांनी वर पाहिले आणि गेले होते त्याहून दुप्पट वेगाने आत आले.

"मधमाश्या! मोहोळ उठून आलंय आपल्या चष्म्यावर!"

खरोखरच लाकडी चष्म्याच्या डाव्या भिंगावर मधमाश्यांचा घोस लोंबत होता आणि हवेत आणखी हजारोंची ये-जा चालली होती. काही जणी चौकटीवर उतरल्या होत्या. दोघी-चौघी थेट चष्मेवाल्यांच्या मिशीची चौकशी करायला आत आल्या. त्यांनी फडक्याने तोंड झाकून काचेचे दार लावून घेतले. घराचा जिना दुकानातूनच वर जायचा. दुसरे दार नव्हते. म्हणजे आतले आत आणि बाहेरचे बाहेर.

"अहो, पोर येतेय!" बायको धावत खाली आली. "दारातच उतरेल ती बाळाला घेऊन! फोन करा!"

फोन वाजत राहिला. लेक उचलीना. बाळ झोपले की ती फोनचा आवाज बंद करून ठेवी, हे घरात सर्वांना माहीत होते. आजवर या गोष्टीचे कौतुक होते.

"घाबरू नका," तिच्या मागोमाग उतरलेले मामा म्हणाले. "धुरानं माश्या शांत होतात, पुस्तकात वाचलंय मी." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी घमेल्यात वाळका पाला पेटवून दाराच्या फटीतून बाहेर सरकवला. पाला कसला, हे विचारायची गरज नव्हती. गच्चीवर गवती चहाशिवाय दुसरा पाला वाळत नव्हता. धुराआधी सुगंध पसरला. हवेतल्या माश्यांनी एक मोठी घिरटी घेतली आणि आनंदाने उजव्या भिंगावरही बसायला सुरुवात केली.

"दादा," बायको दात आवळून म्हणाली, "तू आता कशालाही हात लावू नकोस."

समोरचा शिंपी मात्र कामाचा निघाला. अर्धे शटर ओढून त्याखालून तो ओरडला, "मधवाल्याला फोन केलाय! निघालाय तो!"

मधवाला स्कूटरवर पेटी बांधून आला. टोपी चढवली, तोंडावर जाळी ओढली, खाली उभा राहून वर पाहिले आणि नाकाने दोनदा हवा ओढली.

"इथं काही सुगंधी लावलंय का?"

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. बाईंचीही वळली, चकतीसकट.

"गवती चहाचं तेल," मामा काचेतून म्हणाले. "औषध म्हणून."

"अहो काका, आम्ही रिकाम्या पेटीला हेच लावतो, मोहोळानं यावं म्हणून! एक थेंब पुरतो. तुम्ही किती लावलंत?"

"वाटीभर," मामा म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "पहिल्या खेपेला."

मधवाल्याने कपाळाला हात लावला, तो जाळीला लागला. "बरं, ही जात गरीब आहे, पण धूर लागेलच. माझ्या धुराच्या डब्याचा भाता फाटलाय आणि या सुकलेल्या लाकडाखाली जाळ नको. अशा वेळी कुणीतरी खाली उभं राहून सिगरेटचा धूर हळूहळू सोडायचा असतो. माझे दोन्ही हात गुंतणार, तोंडावर ही जाळी. इथं सिगरेट ओढणारं कोण आहे?"

शिंप्याने शटर आणखी हातभर वर केले. सारी गल्ली चष्मेवाल्यांकडे बघू लागली.

"मी सोडलीय," चष्मेवाले म्हणाले.

"अहो साहेब," शिंपी कळवळून म्हणाला. महिनाभर 'धुराडं' म्हणणारा हाच! "एकच ओढा हो! गल्लीसाठी!"

"तू ओढ की!"

"मला दमा आहे!"

"बाई?"

"काय बोलताय! मी मुख्याध्यापिका होते!"

"मामा?"

"मी औषध देणारा," मामा गंभीरपणे म्हणाले. "मीच ओढली तर लोकांचा औषधावरचा विश्वास उडेल."

"तुम्हीच ओढा," बाईंनी निकाल दिला. "लेकीला मी समजावून सांगेन. हे समाजकार्य आहे."

"पण सिगरेट आहेच कुठं घरात?" चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. त्यात भीती होती आणि देवाशपथ, थोडी आशाही होती.

बायको वर गेली, सुयादोऱ्यांचा डबा घेऊन आली आणि तळातून एक चुरगळलेले पाकीट काढले.

"तिथं?" चष्मेवाले उसळून म्हणाले. "तिथं तर मी दोनदा पाहिलं होतं!"

"म्हणजे शोधत होतात!"

चष्मेवाल्यांनी सिगरेट हातात घेतली. बोटांना तिची जागा लगेच आठवली. महिनाभर ज्येष्ठमध, ओवा आणि चिराइताने ज्या तल्लफेचे तोंड बंद केले होते, ती एकदम अंगभर जागी झाली. मन म्हणाले, बघ, सगळे विनवताहेत, बायकोने स्वहस्ते दिली आहे, असा योग पुन्हा येणार आहे का? मनाला कीर्तनकार जे जे म्हणतात ते सगळे त्या क्षणी खरे होते.

पण त्यांच्या डोळ्यासमोर आले ते दार उघडून उतरणारी लेक आणि दुपट्यातले ते एवढेसे तोंड. त्यावर एक माशी जरी बसली तर?

"ओढतो मी," ते म्हणाले. "पोरीला डंख नको. माझं काय, थांबेन आणखी एक महिना. तोवर ती मान धरायला लागेल, एवढंच."

त्यांनी सिगरेट ओठांत धरली. काडी पेटवली. आणि बायकोने त्यांच्या ओठांतून सिगरेट उपटून घेतली.

"आणा इकडं!"

"अगं, तू? तुला येते कुठं?"

"इतकी वर्षं समोर बसून बघितलंय. त्यात काय शिकायचंय!"

तिने पदर खोचला, काडीवर सिगरेट धरून ओढली आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी येईपर्यंत खोकली.

"ताई, छातीत नका घेऊ!" बाहेरून मधवाला ओरडला. "नुसता गालात धरायचा आणि सोडायचा!"

ती बाहेर गेली. डोक्यावर शिंप्याने फेकलेले अस्तराचे कापड पांघरून मधवाला शिंप्याकडच्या ज्या स्टुलावर चढला होता त्याच्याशेजारी उभी राहिली आणि गालात धूर धरून वर सोडू लागली. पहिला झुरका भलतीकडे गेला, दुसरा मधवाल्याच्या जाळीत. तिसऱ्यापासून तिला लय सापडली. गाल फुगायचे, मान वर व्हायची, निळसर धूर संथपणे चष्म्यावर चढायचा. खर्जातला तो घुमारा हळूहळू खाली उतरला. मधवाल्याने पेटी खाली धरली, लाकडी चष्म्याला एकच हिसका दिला आणि अख्खा घोस ओंजळभर धान्य पडावे तसा पेटीत पडला.

"झकास ताई! आणखी एक! राहिलेल्या आत जाताहेत. आणखी एक!"

शिंप्याने टाळ्या वाजवल्या. काचेआडून मामाही टाळ्या वाजवत होते. बायको रंगात आली होती. तिने सिगरेट दोन बोटांत धरून राख झटकली, डोळे किलकिले केले आणि शेवटचा झुरका असा काही सोडला की चष्मेवाले आ वासून बघत राहिले.

नेमकी तेव्हा गाडी येऊन थांबली आणि लेक बाळाला घेऊन खाली उतरली.

"आई?"

आईच्या नाकातून उरलेला धूर बाहेर आला. पुढे पाच जण एकदम बोलू लागले. मधमाश्या, तेल, कुकर, समाजकार्य, सगळे एकाच वेळी सांगितले गेले. लेकीने शांतपणे ऐकून घेतले, मग ती वडिलांजवळ गेली आणि तिने त्यांच्या मिशीचा वास घेतला.

"गवती चहा," ती म्हणाली.

मग ती आईजवळ गेली. तिला फार जवळ जावे लागले नाही.

"आई, नियम म्हणजे नियम."

"अगं, बाळासाठीच ओढली मी!"

"माहीत आहे. महिना नको, पण अंघोळ करून ये. केसही धू."

आणि तिने बाळ वडिलांच्या हातांवर ठेवले. इतका वेळ धीराने उभा असलेला माणूस, पण आता बाळावरची नजर न काढता ते तसेच मागे बसू लागले, म्हणून मामांनी घाईने खुर्ची खाली सरकवली.

मधवाल्याने पेटीचे झाकण लावता लावता मामांकडे राहिलेल्या तेलाची चौकशी केली. मामांचा पडलेला चेहरा पुन्हा उजळला.

"म्हणजे औषधात गुण आहेच!" ते बाईंना म्हणाले. "फक्त रोगी चुकला."

अंघोळ करून बायको खाली आली ती केस पुसत, पण तोंड अजून वाकडेच.

"शी! काय ती घाण चव! कशासाठी ओढत होतात हो इतकी वर्षं?"

चष्मेवाल्यांनी मनापासून विचार केला. आजवर त्यांना हे कुणी विचारलेच नव्हते. सोड म्हणून सगळ्यांनी सांगितले होते.

"मला वाटतं, दुकानातून उठून जरा बाहेर उभं राहायला."

"मग नुसतं उभं राहायचं होतं!"

"नुसतं उभं राहिलं की तू काम सांगायचीस."

लेक हसली, तिने आईच्या ओल्या केसांचा वास घेतला आणि मान डोलावली. "चालेल. बाबा, द्या आता आईकडे."

बायकोने हात पुढे केले. चष्मेवाल्यांनी बाळ किंचित छातीकडे वळवून घेतले आणि कुजबुजले, "हळू बोला गं. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

त्यांच्या मिशीकडे नात टक्क डोळ्यांनी बघत होती.